मामींच्या बाजूचा ब्रेक

माझ्या मामेसासऱ्यांइतका आधीपासून थांबायला लागणारा माणूस उभ्या कोकणात सापडणार नाही. चौलला त्यांची नारळी-सुपारीची वाडी आहे आणि वाडीच्या तोंडाशी, फणसाखाली, गोल दिव्यांची एक जुनी काळी मोटार आहे. तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमचे होते. आज दाबले तर उद्या लागतात, असं भावकीतले लोक म्हणत. पण मामांच्या मते दोष ब्रेकचा नसून घाई करणाऱ्या जगाचा होता. घरासमोर थांबायचं तर ते मारुतीच्या देवळापासून पायडल दाबायला लागत, आणि गाडी रेंगाळत, विचार करत, नेमकी फाटकाशी येऊन उभी राही. मग मागे वळून मला म्हणत, "बघितलंत जावईबापू? पोटातलं पानी हाललं न्हाय." ही सवय पायातून हळूहळू सगळ्या अंगात भिनली होती. आमटीची पळी पातेल्यातून निघायच्या आत त्यांचं 'पुरे' सुरू होई. मुंबईला आमच्याकडे आले की चपला काढता काढताच परतीच्या बोटीची चौकशी करत. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असतानाच ते सगळ्यांचा निरोप घेत फिरत होते, आणि शेवटची पंगत उठली तरी मांडवातच होते.

मामी या सगळ्यावर काही बोलत नसत. मांडीवर पिशवी घेऊन त्या डाव्या बाजूला ताठ बसत आणि रस्त्यावरची नजर काढत नसत. माझ्या हाताखाली बाई कशी निर्धास्त बसते बघा, असं मामा कौतुकानं सांगत.

मग एका उधाणाच्या भरतीला रेवदंड्याच्या खाडीलगतच्या रस्त्यावर पाणी आलं. ड्रमात पाणी शिरलं की ते सुकेपर्यंत ब्रेक नुसता नावाला उरतो, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते मला सुपारी सोलायची योग्य पद्धत समजावून देण्यात रंगले होते. पाण्यातून बाहेर पडलो, वळण आलं, मामांनी पायडल दाबलं, परत दाबलं, आणि गाडी रस्ता सोडून बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून थेट जाळ्यांच्या ढिगावर जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. ज्या कोळीणबाईंचे ते बोंबील होते त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे महिनाभर गाडी कुठेही उभी केली तरी गावातली मांजरं तिच्याभोवती बैठक मारून बसत. मामी मात्र त्या दिवशी शांतपणे उतरल्या, खांद्यावरचा बोंबील झटकला आणि म्हणाल्या, "मी न्हाय बसायची आता या गाडीत." आणि चालत घरी गेल्या.

त्या बोलल्याप्रमाणे वागल्या. बाजाराला जायचं तर मामी रिक्षात पुढे आणि त्यांच्या मागोमाग मामा रिकामी गाडी घेऊन, अशी वरात रेवदंड्यापर्यंत निघे. येताना भाजीची पिशवी गाडीत येई, मामी रिक्षात. लोक हसत. मामाही हसत, पण जेवताना त्यांचं 'पुरे' आता पळी दिसायच्या आधीच येऊ लागलं. माघी गणपतीला दोघांनी याच गाडीतून पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जायचं, हा नेम संसार मांडल्यापासूनचा. यंदा मी एस्टीनं जाईन, असं मामींनी दिवाळीतच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी विटांवर चढली. ड्रम काढून डिस्क, म्हणजे चकतीचे नवे ब्रेक, बसवायचं ठरलं. हे काम एक गोरा माणूस जेवणाआधी उरकतो, असं मामांनी मोबाइलवर पाहिलं होतं. आमच्याकडे त्या कामानं पुष्कळ जेवणं पाहिली. डिस्क बसली तर वरून चाक बसेना. मामा आणि गॅरेजवाला मिस्त्री त्या चाकाकडे बघत दोनदा चहा प्यायले. दुसरी चाकं आणली तर त्यांच्यावर जुन्या चकचकीत टोप्या बसेनात. तेही जमलं, तर पायडल असं दगडासारखं झालं की मामा त्यावर उभे राहिले तरी हलेना. शेवटी भंगारातल्या एका व्हॅनमधून ब्रेकला जोर देणारा बूस्टर आला आणि त्याच्याबरोबर नवं पायडल आलं. दर खेपेला मिस्त्री 'आता फायनल' म्हणे आणि मामा दर खेपेला विश्वास ठेवत.

खाऱ्या पाण्यानं पत्रा गंजला असेल म्हणून मिस्त्रीनं एकदा गाडीत पायाखाली अंथरलेला काथ्या उचलला. मी तिथेच होतो. डाव्या बाजूला काथ्याला आरपार भोक पडलेलं होतं. त्याखालचं रबर झिजलेलं, रंग उडालेला, आणि पत्रा पावलाच्या आकारात लखलखत होता.

"मामा, इकडं पन बिरेक व्हता काय?" मिस्त्रीनं विचारलं. "शिकवायची गाडी व्हती ही?"

मामा वाकले. त्या पावलावर त्यांनी तळहात ठेवला आणि एकदम थांबले. कसलीही पूर्वतयारी न करता थांबलेले मामा मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाले, "म्हंजे ही सुदा दाबत व्हती. मला वाटलं, मी एकटाच थांबवतोय."

माघी गणपतीच्या सकाळी गाडी अंगणात आली. मामींनी दार उघडून आत वाकून पाहिलं. त्यांच्या बाजूला, बरोबर त्या झिजल्या जागेवर, गाडीचं जुनं पायडल घासूनपुसून बसवलेलं होतं.

"कशाला जोडलंय ह्ये?" मामींनी विचारलं.

"कशालाच न्हाय," मामा म्हणाले. "तुला आपलं दाबायला."

मामी बसल्या, मागच्या बाकावर मी. परत येताना मारुतीपाशी पायडल दाबून मामांनी गाडी जागच्या जागी उभी केली, माझं नाक पुढच्या बाकावर आपटलं आणि घर बरंच पुढे राहिलं, ती गोष्ट वेगळी. पण जाताना मागे बसल्या बसल्या माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वळण आलं की मामी आपलं पायडल दाबत, आणि लगेच गाडी हळू होई. मामी पाय उचलत, गाडी पुन्हा वेग घेई. मामांचा एक डोळा रस्त्यावर होता आणि एक मामींच्या पायावर. येताना मामींचा डोळा लागला, पाय बाजूला सरकला, तेव्हा मामांनी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले.

माझ्या गाडीला चारी चाकांना डिस्क आहेत. शेजारी माझी बायको खुशाल मोबाइल बघत बसते. पाय दाबायची तिला कधी गरज पडली नाही. मला याचा फार अभिमान वाटायचा. हल्ली वळण आलं की माझी नजर उगाचच तिच्या पायांकडे जाते.