कुलपाला सांगावा

आमच्या गोदाकाठच्या गावात कुणी गेलं, तर दारात येऊन 'वारले' म्हणत नाहीत. 'नदीवर यायचंय' एवढंच म्हणतात. ते सांगत घरोघर फिरायचं काम आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी आपणहून अंगावर घेतलेलं. उंबऱ्यापासून चार पावलं लांब थांबायचे, चपला काढायचे, टोपी हातात घ्यायचे. पाणीसुद्धा घेत नसत.

मी महिन्यातून एकदा शहरातल्या गारखेड्याहून माहेरचं बंद घर झाडायला जाते. एकदा पाहिलं, शेजारच्या दारापुढं उभे राहून ते कुलपालाच सांगत होते.

"काका, ते सगळे पुण्याला गेलेत. गावाच्या ग्रुपवर त्यांना मेसेज गेलाय की," मी म्हणाले.

"व्हय माय. पण घर चुकवू नाय."

मला तो खुळेपणा वाटला.

गेल्या महिन्यात मी घर झाडायला गेले होते, तेव्हा सकाळीच ते आमच्या दारात आले. "नदीवर यायचंय."

"कुणाचं, काका?"

"आमच्याच घरचं."

बायको गेली होती. मी काही बोलायच्या आत ते पुढच्या कुलपाकडं वळले.

तिरडी उचलायची वेळ झाली, तेव्हा त्यांच्यासकट तीनच खांदे होते, तिन्ही म्हातारे. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "येतील. समद्यांना सांगून आलोय."

ऊन वर येईपर्यंत आम्ही थांबलो. आमच्याकडं बायका नदीवर जात नाहीत. मी पदर खोचला आणि चौथ्या बाजूला जाऊन उभी राहिले.