मिस्त्री सेटल झाले

‘सेटल’ या शब्दावर माझा जुना राग आहे. कोणाच्याही मुलाची चौकशी करा, तो कसा आहे, वेळेवर जेवतो का, कोणाशी बोलतो, हे कोणी सांगत नाही. ‘सेटल झाला’ म्हणतात आणि विषय बदलतात. मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे शब्दांवर चिडणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे.

समोरच्या दारात मिस्त्री राहायला आले, तेव्हाही त्यांच्या आधी हाच शब्द माझ्यापर्यंत पोचला. त्यांचा मुलगा परदेशात नोकरीला, बायकोही तिकडचीच. बापाचं सामान लावून तो परत निघाला होता. जिन्यात मला गाठून म्हणाला, “बाई, बाबांकडे जरा लक्ष ठेवाल? एकदा ते इथे सेटल झाले की मला घोर नाही.” आई गेल्यावर त्याने गल्लीतलं जुनं घर विकायला लावलं होतं. इथे लिफ्ट होती, वॉचमन होता, आतून घट्ट बंद होणारी दारं होती. मुलाचं वाईट मनात नव्हतं हे मला दिसत होतं. तरी चांगली कपबशी फुटू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवून द्यावी, तसं त्याने बापाला ठेवलं होतं.

मिस्त्रींनी तरुणपणी भिंती उभ्या केल्या आणि उतारवयात लोकांच्या भिंतींचे तडे बुजवले. इथे आल्या आल्या त्यांनी अख्ख्या मजल्याच्या फरशा बोटाने वाजवून पाहिल्या. माझ्या उंबऱ्याजवळची एक पोकळ निघाली. “भरून देतो,” म्हणाले, आणि माझ्या होकाराची वाट न बघता सिमेंट कालवायला बसले. कोणाचं दार घासताना ऐकू आलं की रंधा घेऊन हजर. ते काम खरं तर सुताराचं, पण त्यांना कोणाच्या तरी घरात शिरायला निमित्त हवं होतं. लोक मोठे कामापुरते. दार सुरळीत झालं की “थँक्यू, काका” म्हणायचे आणि तेच दार लावून घ्यायचे. पलीकडच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती. तिथे स्लॅब टाकताना बघायला हे जाऊन उभे राहायचे. एक दिवस इंजिनिअरने त्यांना साइटभोवती बांधलेल्या फितीच्या बाहेर व्हायला सांगितलं. हा किस्सा त्यांनी मला हसत हसत सांगितला, पण त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत.

शिकवणी सुटली की ते माझ्याकडे चहाला यायचे. बोलायचे ते चुन्या-विटांबद्दल. स्वतःबद्दल विचारलं की एकच उत्तर, “मजेत.” मुलालाही फोनवर तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, “मिस्त्री, मजेत असलेला माणूस दुसऱ्यांच्या फरशा वाजवत हिंडत नाही.”

त्यांनी चहा ढवळला. “पोराला काय सांगू, बाई? तो तिकडून काय करणार? उगाच त्याच्या जिवाला घोर. सुट्टीत येतायत ना दोघं. तोवर निभावतो.”

त्या सुट्टीवर त्यांची सगळी भिस्त होती. पाहुण्यांच्या खोलीला त्यांनी स्वतः रंग दिला, आवडला नाही म्हणून पुन्हा दिला. सुनेला आपली भाषा येत नाही, म्हणून माझ्याकडून ‘पाणी हवं का’, ‘झोप झाली का’ एवढं इंग्रजी घोटून घेतलं.

मग एका रविवारी दुपारी ते आले आणि मुलांच्या बाकावरच बसले. चेहरा उतरलेला, पण ओझं उतरवून आल्यासारखे दिसत होते.

“बाई, आज खरं सांगून टाकलं.”

“कोणाला?”

“सूनबाईला. मुलगा बाहेर गेला होता, फोन तिने केला. ती दर वेळी एकच विचारते, ‘पापा, आर यू सेटल्ड?’ मी आपलं हसून ‘नो, नो’ म्हणायचो. आज नाही राहवलं. म्हटलं, यस. सेटल्ड. व्हेरी सेटल्ड.” “मुलापुढे आपल्या भाषेत तोंड उघडत नाही हो. तिच्या भाषेत जमलं. परक्या भाषेत लाज कमी वाटते.”

“मग ती काय म्हणाली?”

“टाळ्या वाजवल्या तिने! वंडरफुल म्हणून ओरडली. बाई, सासरा खचला, यात वंडरफुल काय आहे?”

“खचला? खचला कोण म्हणालं?”

“सेटल म्हणजे खचणंच ना? भिंतीला तडा दिसला की साहेब म्हणायचे, ‘मिस्त्री, फाउंडेशन सेटल होतंय.’ मग आम्ही तड्यावर काचेची पट्टी डकवायचो. पट्टी तडकली की समजायचं, इमारत अजून सेटल होतेय. मला तर वाटायचं, सून भारी जाणती मिळाली. नेमकं दुखतं तिथेच विचारते.”

मला आलेलं हसू मी दाबलं. डिक्शनरी काढून मी त्यांना समजावायला लागले. भांडण मिटवणं म्हणजे सेटल. हिशेब चुकता करणं म्हणजे सेटल. गाळ तळाला जाऊन पाणी निवळणं, पाखरू फांदीवर उतरणं, हवं ते मिळालं नाही की मिळेल त्यावर भागवून घेणं, सगळ्याला तोच शब्द. जमीन खचणं हाही एक अर्थ, तुमचं काही चुकलेलं नाही. पण तिने विचारला तो अर्थ वेगळा: नव्या जागी रुळलात का, जीव रमला का?

मिस्त्री ऐकत राहिले. “म्हणजे आपल्या बसण्यासारखंच झालं,” म्हणाले. “एकाचा जम बसतो, एकाचा धंदा बसतो.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाने आवाजी निरोप पाठवला होता. त्यांनी तो माझ्यासमोरच लावला. “बाबा, ती सांगत होती, तुम्ही अगदी छान सेटल झालात! इतके दिवस तिला नाही म्हणायचात, म्हणून धास्तावून येणार होतो. आता या सुट्टीत नाही येत, इकडे घराचं काम काढलंय, तेही उरकेल. पुढच्या वर्षी बघू हं.”

मी म्हटलं, “आत्ताच्या आत्ता फोन लावा. शब्दाचा घोळ झाला म्हणून सांगा.”

“काय सांगू? सेटल नाही झालो म्हणू? तेच तर इतके दिवस म्हणत होतो. तेव्हा मी थाप मारत होतो आणि त्यांना नेमकं खरं तेच कळत होतं. आज खरं बोललो, तर मुलगा येईनासा झाला.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “तुम्हीच बोला ना इंग्रजीत.”

“अजिबात नाही,” मी चढ्या आवाजात म्हणाले. “तो तुमचा मुलगा आहे. त्याच्याशी बोलायला दुभाष्या कशाला? मराठीत बोला. आणि मजेत म्हणालात, तर पुन्हा चहा मिळणार नाही.”

त्यांनी फोन लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“बोला बाबा! काय करताय?”

“बसलोय.” मी डोळे वटारले तसे म्हणाले, “अरे, ते सेटल म्हणालो ना, ते खचलो या अर्थाने म्हणालो. आमच्या साइटवर तसंच म्हणायचे.”

“म्हणजे? मला नाही कळलं.”

“म्हणजे तुझी आई गेली आणि घरही गेलं. इथे मला करमत नाही रे. दिवस दिवस कोणी बोलत नाही. एक बाई सोडल्या तर माझं नावही कोणाला माहीत नाही. मी मजेत नाही. कधीच नव्हतो.”

मागून सुनेचा आवाज आला, “व्हॉट इज ही सेइंग? इज ही नॉट सेटल्ड?”

मुलगा खाकरला. “नो,” तो तिला म्हणाला. पुढचा शब्द त्याला लवकर सापडला नाही. “ही इज अलोन.”

ती एवढंच म्हणाली, “ओह, पापा.”

“बाबा,” मुलगा म्हणाला, “येतो मी. सुट्टीपर्यंत थांबत नाही. रजा टाकतो आणि येतो.” आणि फोन बंद झाला.

मिस्त्री बाकावर तसेच बसून होते. “अलोन म्हणजे काय हो, बाई?”

“एकटा.”

“त्याचेही तुमच्या पुस्तकात छप्पन्न अर्थ असतील.”

“नाही मिस्त्री. त्याचा एकच.”

“मग बरोबर सांगितलं त्याने,” ते म्हणाले, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून लहान मुलासारखे रडायला लागले.