टिपरपुढची एकच खूण

माझ्या हातच्या तक्त्यामुळे एका माणसाचा जबडा मोडला. मोडणारे दुसरे होते, पण त्याचं नाव त्यांनी माझ्या अक्षरात वाचलं.

जळकोटजवळ, महामार्गाला लागून आमचं गाड्यांचं आवार आहे. एक टिपर, एक जेसीबी, दोन ट्रॅक्टर, एक पिकअप. नवरा कामं आणतो. कोणती गाडी कुठं जाणार आणि किल्ली कुणाच्या हातात पडणार, हे मी बघते. लग्न होऊन आले तेव्हा ‘गाडी येते’ म्हणणारा प्रत्येक जण प्रत्येक गाडीवर चढत होता. म्हणून मी एका पत्र्यावर ऑइलपेंटनं तक्ता रंगवला आणि ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला ठोकला. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या रकान्यात माणसं. लायसनच्या कार्डावर काय काय लिहिलंय ते वाचायचं आणि तेवढ्याच लाल खुणा करायच्या.

हलक्या वाहनाचं लायसन असेल तर पिकअप आणि ट्रॅक्टर. नुसतं ट्रॅक्टरचं असेल तर पिकअपला हात लावायचा नाही. टिपरला जड वाहनाची नोंद लागते, आणि हलक्याचं लायसन एक वर्ष जुनं झाल्याशिवाय ती मिळत नाही. जेसीबीची नोंद पुन्हा वेगळी. टिपर हाकतो म्हणून कुणी आपोआप जेसीबीवर बसत नाही.

हे सगळ्यांना गोडीनं पटलं असं नाही. ट्रॅक्टरच्या लायसनवर पिकअप मागणाऱ्या एकाला मी किल्ली दिली नाही, तर त्यानं चाकाचा पाना माझ्या दिशेनं फेकला. “आरटीओच हाय जणू बाई!” पाना ऑफिसच्या दाराला लागला. दाराचा पोचा अजून आहे. त्या माणसाला मी त्याच दिवशी काढलं.

टिपरच्या ओळीत एकच खूण होती. तो ड्रायव्हर उमरग्याकडचा, बारा वर्षं आमच्याकडे. जेसीबीचीही नोंद त्यानं रीतसर करून घेतली होती. मी न मागता कार्ड काढून दाखवणारा तो एकटाच. “वहिनी, मुदत बघून घ्या, मागनं मला बोलू नका.”

तक्त्यात दिराचा रकाना नव्हता. त्याच्याकडे मोटारसायकल आणि हलक्या वाहनाचं लायसन होतं. “घरच्या माणसाला पत्र्यावर कशाला टांगतीस?” असं सासूबाई म्हणाल्या, आणि मला तेव्हा ते पटलं.

त्या दिवशी सकाळी दिरानं खिळ्यावरची टिपरची किल्ली उचलली. मी वही लिहीत होते.

“भावजी, ती जड गाडी आहे.”

“मुरूम टाकून येतो वहिनी. इमान न्हाय उडवत.”

ड्रायव्हर जेसीबीला ग्रीस मारायला निघाला होता. तो हसला. “जाऊ द्या वहिनी, मालक हायत ते.”

मी पुन्हा वहीत डोकं घातलं.

दुपारी एकच्या सुमारास ऑफिसचं मागचं दार उघडलं आणि दीर आत आला. एका पायात बूट नव्हता, गुडघ्यापर्यंत कुसळं, बाहीवर रक्त. ते त्याचं नव्हतं.

“मेंढरांवर गेला टिपर,” तो म्हणाला.

“आणि माणूस?”

“पायावरनं गेलं चाक. मेंढक्याच्या.”

गाडी रस्त्यावर सोडून तो शेताशेतानं पळत आला होता. मी अँब्युलन्सला फोन लावला; तिथून कुणीतरी आधीच कळवलं होतं. मग नवऱ्याला लावला. तो उमरग्याला टायर बघत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू तोंड उघडू नको. मी येतोय.”

त्याच्याआधी मेंढक्याकडचे लोक आले. टिपरच्या दारावर आमच्या आवाराचं नाव आहे. एकेका मोटारसायकलवर तिघं तिघं, सगळे मिळून तीस-चाळीस. पुढच्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते, कारण चाकाखालची मेंढरं त्यांनी ओढून काढली होती. मेंढक्याचा पायही त्यांनीच पाहिला होता. त्याचा थोरला भाऊ त्यांच्यात होता. त्यांना मी गुंड म्हणणार नाही.

“टिपरचा डायव्हर कोण हाय?”

त्यांच्यातला एक जण तक्त्यासमोर उभा राहिला. टिपरच्या ओळीवर बोट ठेवलं, सरकवत खुणेपर्यंत नेलं, तिथून वर नेलं आणि नाव मोठ्यानं वाचलं.

“मीच की.” जेसीबीमागून ड्रायव्हर उठला. हातात ग्रीसगन. “काय झालं?”

पहिली काठी हातावर बसली, ग्रीसगन पडली. दुसरी कानावर. तो खाली बसायला लागला तर त्यांनी कॉलर धरून उभा केला आणि पुन्हा मारला. “म्या न्हाय ओ, म्या हितंच...” एवढंच त्याला म्हणता आलं. मग कुणीतरी आमच्याच फळीवरचा चाकाचा पाना घेतला आणि गालाखाली हाणला. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. त्यानंतर त्याच्या तोंडातून शब्द आलाच नाही, रक्त आणि दात आले.

मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते; दाराकडे वळले तर दिरानं मनगट धरलं.

“वहिनी, दमानं. मारतेत अन् जातेत. जड लायसन त्याचंच हाय. समदं बरोबर बसतंय.”

बसत होतंच. गाडी, लायसन, माणूस, तिन्ही माझ्या तक्त्याप्रमाणे जुळत होती.

मी मनगट हिसडून बाहेर गेले. ओरडले ते कुणाला ऐकू गेलं नाही. मध्ये घुसले तेव्हा एक काठी माझ्या हातावर उतरली. मी ड्रायव्हरच्या अंगावर वाकून ओरडले, “ह्यानं न्हाय! टिपर माझ्या दिरानं नेलता! आत हाय त्यो!”

काठ्या थांबल्या. मेंढक्याच्या भावानं माझ्याकडे पाहिलं. “बाई, सोताच्या दिराचं नाव घेतीस?”

“घेते.”

मागचं दार आपटलं. सगळे तिकडे धावले. बाभळीच्या कुंपणाशी त्यांनी दिराला गाठलं. मी पाहिलं नाही, ऐकलं. डाव्या हाताची दोन्ही हाडं, दोन बरगड्या. पोलिसांची गाडी आली नसती तर आणखी झालं असतं.

हे मी मऊ करून लिहिणार नाही. एका माणसाला सोडवायला मी दुसरा माणूस जमावाच्या हातात दिला. तिसरा मार्ग मला तेव्हा सुचला नाही, आजही सुचलेला नाही.

दोन दिवसांनी आम्ही सोलापूरच्या दवाखान्यात ड्रायव्हरच्या खाटेजवळ उभे होतो. मेंढक्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, हे सकाळीच कळलं होतं. ड्रायव्हरचा जबडा तारेनं बांधलेला, एक डोळा मिटलेला. जबाब घ्यायला आलेले हवालदार दारात फोनवर बोलत होते. तेवढ्यात नवरा खाली वाकला.

“हे बघ, तूच चालवत होतास म्हण. तुझ्याकडं जड लायसन हाय, तू सुटशील. भावाकडं न्हाय, त्यो पुरता आत जाईल. तुझ्या घरादाराचं मी बघतो.”

ड्रायव्हरनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा हात प्लास्टरमध्ये होता.

“मी माझा जबाब दिलाय,” मी म्हणाले.

“तुझं घरी गेल्यावर बघू,” नवरा म्हणाला.

हवालदार आत आले. ड्रायव्हरनं बोटांनी पेन मागितलं. नवऱ्यानं घाईनं आपलं दिलं. ड्रायव्हर बराच वेळ, दाबून दाबून लिहीत राहिला. मग कागद हवालदारांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

“मी जेसीबीला ग्रीस मारत होतो. किल्ली मालकाच्या भावाने नेली. वहिनींनी पाहिले.”

नवरा एकदम वळून बाहेर गेला. दार आपटलं.

हवालदारांनी कागदावरची नजर माझ्याकडे वळवली. “किल्ली नेताना तुम्ही पाहिलं होतं?”

माझ्या जबाबात मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून.

“होय,” मी म्हणाले. “जड लायसन नाही हेही माहीत होतं. दोन्ही लिहून घ्या.”