रंधा म्हण, कळेल त्याला

नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही जुईनगरला तळमजल्यावर राहत होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्या वर्षांत एकामागून एक कारखान्यांची फाटकं बंद होत होती, त्यामुळे आमचं काही विशेष नव्हतं. विशेष एवढंच की बाकीच्यांचे नवरे कुठे ना कुठे चिकटले आणि माझा घरात बसला. तो पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. हे मी कुणाला सांगायला लागले की समोरचा म्हणायचा, "म्हणजे सुतार," आणि हा आतल्या खोलीत निघून जायचा. पुढे तो दूध आणायलाही बाहेर पडेना. मी सीबीडीतल्या ऑफिसातून परत यायची तेव्हा सकाळच्याच खुर्चीत असायचा.

आमच्या घराचा पुढचा दरवाजा त्याने नोकरीत असताना सुट्ट्यांच्या दिवशी केला होता. एक दिवस मागच्या गावातले एक गृहस्थ त्या दरवाज्यासमोर थांबले. त्यांची शेतं जाऊन आता चाळी झाल्या होत्या आणि ते नवं घर बांधत होते.

"बाय, ह्यो दरवाजा कोनी केला?"

मी आत बोट दाखवलं.

"मिस्त्री, आमच्या घराचं सगलं दरवाजं तुमीच करा. पन पोरीची हलद हाय. तिच्या आदी म्होरला दरवाजा लागला पायजे. नाय जमला तर आताच सांगा, पनवेलवाला तयार हाय."

मिस्त्री म्हटल्यावर हा उठून आत जाणार असं मला वाटलं. तो गेला नाही. "हातानं एवढं होणार नाही," म्हणाला, "मशीन लागेल." चार महिन्यांत तो परक्या माणसाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी लगेच कामाला लागले. हे काम पनवेलला गेलं तर हा परत खुर्चीत बसणार, हे मला दिसत होतं.

पुढच्या अंगणावर सिमेंटचे पत्रे टाकून घेतले, विजेची वेगळी लाइन ओढली. मशीन आणायला मात्र तो येईना. "तूच जा. रंधा घे. आमच्या तीन नंबरसारखा."

"तीन नंबर म्हणजे काय?"

"कंपनीत तीन नंबरवर उभं होतं ते."

त्याच्या कंपनीत यंत्रांना नावंच नव्हती. परदेशातून आलेली, त्यांवरच्या पाट्या कुणी वाचत नसे. एक नंबरवर कापायचं, दोन नंबरवर काहीतरी, तीन नंबरवर काहीतरी. त्यावर अख्खी नोकरी झाली.

मुंबईत मशिनरीच्या बाजारात मी शनिवारी एकटीच गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं.

"तीन नंबरसारखा रंधा पाहिजे," मी म्हणाले.

"मॅडम, आपल्याकडे दोन नंबर, तीन नंबर काही नाही. सगळा माल एक नंबर." त्याचा नोकर हसला. मग त्याने विचारलं, "सरफेस की थिकनेस?"

"फरक काय?"

"ह्याने सरफेस होतो, त्याने थिकनेस."

हे उत्तर ऐकून मला सरकारी परिपत्रकाची आठवण झाली. "ह्यातला रंधा कुठला?"

"दोन्ही रंधाच."

समोरच्या पीसीओवरून मी शेजाऱ्यांना फोन लावला. शेजारीण ह्याला बोलवायला गेली. तो येईपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत होते आणि मागे उभा असलेला माणूस घसा खाकरत होता.

"अहो, सरफेस की थिकनेस?"

"काय?"

"सरफेस की थिकनेस! तो विचारतोय!"

"रंधा म्हण, कळेल त्याला."

"अहो, दोन्ही रंधेच आहेत!"

"मग चांगला असेल तो घे." फोन बंद.

परत दुकानात आले. दोन्ही यंत्रांभोवती एकेक फेरी मारली. एकाचं पातं वरून उघडं दिसत होतं, टेबलही लांब, सुबक. दुसरं म्हणजे बंद खोकं. लाकूड एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. आत भुसा साठला तर काढणार कसा? मिक्सर घेताना मी हाच विचार केला होता आणि तो बारा वर्षं चालला. दोन्ही कामं करणारंही एक मशीन कोपऱ्यात होतं. पण दोन कामं करणारी वस्तू एकही काम धड करत नाही असं माझं मत. उघडं घेतलं.

टेम्पोबरोबर वाशीच्या बाजारातले साताऱ्याकडचे चार हमाल मी ठरवले होते. त्यांनी दोरखंड, बांबू लावून यंत्र अंगणात आणलं आणि ते अधांतरी धरून विचारलं, "ताई, हिचं त्वांड कुनीकडं?"

यंत्राला तोंड असतं हे मला नवीन होतं. "भिंतीकडे," मी म्हणाले. कपाट ठेवतात तसं.

"भिंतीकडं? मग वैरण कुठनं घालनार?"

तेव्हा नवरा बाहेर आला. पत्र्याखाली मधोमध बोट दाखवून म्हणाला, "आडवं. सात फुटी फळी अलीकडे सात, पलीकडे सात जायला पाहिजे." मग त्याचं लक्ष यंत्राकडे गेलं. वाकून एकदा टेबलाखाली बघितलं. हमाल गेल्यावर त्याने पायाखाली पाचरी मारून टेबल पाणपातळीत आणलं, बोल्ट आवळले, सागाची एक फळी फिरवली. मी हात लावून पाहिला. नुसती काच होती.

"झालं ना मग?"

"गुळगुळीत झाली. सारखी नाही झाली."

"म्हणजे?"

त्याने फळी माझ्या डोळ्यासमोर उभी धरली. एक कड जाड, दुसरी दोन सूत पातळ. "हा दोन नंबर. ह्यावर लाकूड सपाट होतं. तीन नंबरवर एकसारख्या जाडीचं होतं."

"मग उलटी बाजूपण फिरवा की ह्यावर."

"दोन्ही बाजू सपाट होतील. सारख्या नाही."

दोन बाजू सपाट असून फळी सारखी कशी नाही हे मला कळेना. त्याने पुन्हा सांगितलं. मी मान हलवली, तरी कळलं नाही. "मग हे परत देऊन तीन नंबर आणते."

"दोन नंबरशिवाय तीन नंबरचा उपयोग नाही. लाकूड आधी सपाट लागतं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"दोन नंबरवर दुसरा माणूस असायचा," तो म्हणाला. "मला फळी सपाट होऊनच यायची."

त्याच संध्याकाळी दरवाज्यावाले गृहस्थ आले. फिरवलेल्या दोन फळ्या शेजारी ठेवून, वर तिसरी आडवी टाकून त्यांनी फटीत नख घातलं. "मिस्त्री, ह्याच्यातनं उंदीर जाईल. पनवेलवाल्याला सांगू का?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "उद्या बदलून आणतो."

आणतो! मी रजा टाकली, पण दुकानात मी लागलेच नाही. त्याने कोपऱ्यातल्या त्या दोन कामांच्या यंत्राचं टेबल उचलून आत हात घातला, पात्यांची धार बघितली, दुकानदाराला वाकायला लावलं. दुकानदार दोनदा म्हणाला, "मॅडमनी रंधा मागितला, मी रंधा दिला." हा म्हणाला, "बरोबर आहे," आणि वाद तिथे संपला. वर सपाट, खाली सारखं, असं ते यंत्र होतं. माझ्या मताचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

जुनं यंत्र उचलताना हमाल म्हणाला, "का ओ ताई, ही सासरी नांदली न्हाई व्हय?"

नवीन यंत्र जड, आवाजाने खिडक्या थरथरायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाई दुपारची झोप जाते म्हणून भांडायला आल्या. मी त्यांना वेळ ठरवून दिली. हळदीच्या आदल्या दिवशी गृहस्थांच्या नव्या घराचा पुढचा दरवाजा बिजागऱ्यांवर चढला. बायका चौकात वाटण करत होत्या, मंडपवाले खांब रोवत होते. गृहस्थांनी दार लावलं, उघडलं, परत लावलं. कुठेही घासलं नाही.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि तेवढंच.

मी ह्याला निघू या म्हणणार होते. तो मागे नव्हता. खिशातली टेप काढून आतल्या खोलीत खिडकीचं माप घेत होता आणि एका पाहुण्याला सांगत होता, "टेपचं ते टोक धरा, हलू नका." त्याला वेळ लागणार होता. मी जेवले आणि एकटीच घरी आले.