तांडेलीणबाईचं चालतं घर

जमिलाचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. "मावशी, अम्मा गेली," एवढंच ती म्हणाली. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, शेवटी काही बोलली का गं? तर जमिला रडता रडता हसली. "बोलली ना. म्हणाली, यंदा बांबूंना तेल लावायचं राहिलंय." ऐंशी ओलांडलेली बाई जाताना देवाचं नाव घेईल, लेकीला जवळ बोलावील. सुमिनीने बांबूंची चौकशी केली. तिला ओळखणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. ज्यांनी तिला पाहिलंच नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि होता होईल तो डोळे कोरडे ठेवून लिहिणार आहे. रडकं तोंड तिला मुळीच आवडत नसे.

सुमिनी जावा बेटावरची. दक्षिणेच्या किनाऱ्यावर तिचं गाव होतं, भातशेती आणि माडांच्या मध्ये दडलेलं. लढाईच्या काळात आमच्या शेजारचा इस्माईल तांडेल ज्या जहाजावर होता ते तिकडच्या समुद्रात बुडालं, आणि हा रत्नागिरीचा गडी पोहत पोहत तिच्या गावाला लागला. गावाने त्याला जपान्यांपासून लपवलं, खायला घातलं, लढाई संपता संपता लग्नही लावून दिलं. पुढे दोघं बोटीने मुंबईला आली आणि परळच्या भोईवाड्यात, आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत राहिली. चाळीने तिचं नाव ठेवलं तांडेलीण. पहिली दोन वर्षं तिला मराठी येत नव्हतं आणि आम्हाला तिची भाषा येत नव्हती, तरी माझ्या आईचं आणि तिचं भांडण मात्र व्यवस्थित होत असे. पुढे ती मराठी शिकली ती नळावर, म्हणजे अर्धी मालवणी, अर्धी हिंदी, आणि शिव्या सगळ्यांच्या.

तांडेलाने चाळीच्या मालकाकडून त्या मोकळ्या जागेचा एक कोपरा भाड्याने घेतला होता. माझगावला मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या सागवानी फळ्या आणून त्याने घर बांधायला काढलं. सुतार खांबांसाठी खड्डे खणायला लागला तर सुमिनी खड्ड्यात जाऊन बसली. खांब जमिनीत गाडायचा नाही, दगडावर ठेवायचा, हा तिचा हट्ट. सुतार वैतागून म्हणाला, "अहो, पहिल्या वाऱ्याला घर निघून जाईल तुमचं!" ती म्हणाली, "जाऊ दे की. घराला जाता आलं पाहिजे." सगळी चाळ पोट धरून हसली. शेवटी तांडेलाने चपटे दगड आणवले, त्यांवर खांब उभे राहिले, जमिनीपासून गुडघाभर वर फळ्यांचा तळ ठोकला, वर पत्रे चढले, आणि आम्ही त्या घराला 'जहाज' म्हणायला लागलो. तिथेच तिने गिरणीतल्या एकट्या माणसांसाठी खाणावळ घातली. तिच्या हातची नारळाच्या दुधातली मासळी खाऊन कोकणातली माणसंही आपल्या आईला विसरायची, असं आमचे बाबा म्हणायचे. आईसमोर नाही म्हणायचे.

दुपारी खाणावळ आवरली की ती ओट्यावर तांदूळ निवडत बसे आणि मी शाळेतून येऊन तिच्याशेजारी टेके. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते. तिच्या गावच्या गोष्टी मी अशा तुकड्या-तुकड्यांनीच ऐकल्या. शेजारच्या गावाला जायचा रस्ता म्हणजे ओली वाळू. भरती असेल तर तो रस्ता समुद्राचा, ओहोटी लागली की माणसांचा, आणि त्यामुळे लग्नाचं वऱ्हाडसुद्धा पाणी उतरायची वाट बघत किनाऱ्यावर बसून राही. शेत बापाकडून आलं तर भावाबहिणींत वाटलं जाई, माड मात्र ज्याने लावला त्याचा, मग खालची जमीन कोणाची का असेना. आणि घर बाईचं. तिच्या आईचं घर आजीकडून आलं होतं, आणि जागेचा वाद झाला किंवा समुद्र फार जवळ आला की गाव जमा होई, घराखाली बांबू घाली आणि अख्खं घर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवी. "जागा त्याची, घर माझं," ती अगदी सहज म्हणाली.

हे वाक्य ऐकून, तिच्यासमोर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसलेल्या माझ्या आईचा हात थांबला. आमच्या गावाकडे तेच वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो होतो, पण दुसऱ्या टोकाकडून. घर तुमचं असेल रे, जागा आमची आहे... हे गावातल्या मोठ्यांनी म्हटलं की आमच्या वस्तीतल्या माणसांनी मान खाली घालायची आणि मुकाट उठायचं. आजोबांना असं दोनदा उठावं लागलं होतं. त्याच सुमारास आम्ही बौद्ध झालो होतो. आई नवीन पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेऊन आली होती, मान खाली घालायची नाही असं ठरवून आली होती, तरी त्या वाक्याची धास्ती तिच्या अंगातून गेली नव्हती. ती सुमिनीला म्हणाली, "आमच्याकडं ह्ये बोलले का घर मोडत्यात बाई." सुमिनीला ते कळेचना. "मोडतात का? उचलत का नाही?"

मग तांडेल आजारी पडला आणि गेला. जमिला तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. चाळीस दिवस झाल्यावर गोदीतला एक ओळखीचा खलाशी तिला सांगायला आला, की तिकडे जाणारी बोट आहे, तुला नि पोरीला सोडवतो. ती म्हणाली, घर आहे तोवर मी इथली. तिच्या गावाचा हिशेब सरळ होता. ज्या गावात आपलं घर नाही तिथे माणूस पाहुणा, आणि पाहुण्याने वेळेवर निघावं. आणि नेमकी तेव्हाच मालकाची नजर त्या कोपऱ्यावर गेलेली होती. त्याला तिथे मालाची वखार बांधायची होती. तो कोर्टात गेला, आणि जागा मोकळी करून द्यावी असा हुकूम घेऊन आला. मुदत मे महिन्याच्या पहिल्या तारखेची. साल १९६०, त्याच पहिल्या तारखेला आपलं राज्य होणार म्हणून सगळं गिरणगाव नाचत होतं, आणि माझी मैत्रीण त्याच तारखेला बेघर होणार होती. घर गेलं तर ती बोट धरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मालक स्वतः येऊन अंगणात उभा राहिला. "बाई, घर तुझं असेल, जागा माझी हाय. एक तारखेला सकाळी माणसं घेऊन येतो. फळी फळी काढून टाकीन." सुमिनीने पदराला हात पुसले आणि मान डोलावली. "बरोबर. जागा तुमचीच." तो खूश होऊन गेला. आम्ही डोक्याला हात लावला. मी तिच्यावर चिडले, इतकं नमतं घेतलंस कशाला म्हणून. ती म्हणाली, "कमळ, तू शाळेत शिकवते ना? मग नीट ऐक. तो जागा मागतो. घर कुठे मागतो?"

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या वाडीत गेली. तिथे माई राहायच्या, जुन्या मुंबईकर घराण्यातल्या, मुलं परगावी गेल्यामुळे एकट्या राहिलेल्या विधवा बाई. वाडीत विहीर, माड, आणि माडांखाली रिकामी जागा. माड चढणारा माणूस मिळत नाही म्हणून नारळ सुकून खाली पडायचे आणि माई रोज कुणाच्या तरी डोक्यात पडेल म्हणून घाबरायच्या. सुमिनीने कासोटा मारला आणि ती त्यांच्या देखत माडावर चढली. वरूनच व्यवहार केला, जागेचं भाडं मी देणार, माड मी सांभाळणार, नारळ निम्मे-निम्मे. माई खालून ओरडत होत्या, "अगो, कबूल, सगळं कबूल, पण आधी खाली उतर!"

आता घर न्यायचं. चाळीत गोविंदाची हंडी फोडणारं पथक होतं, त्याचा म्होरक्या गणू, गिरणीत साचेवाला, मालवणचा. हे ऐकून तो म्हणाला, "गे बाय, घर म्हणजे काय ट्रंक आसा? उचललंय आणि चललंय?" सुमिनी त्याला घेऊन घराखाली वाकली आणि दगडावर नुसते टेकलेले खांब दाखवले. गणूने एकेक खांब हाताने चाचपून पाहिला. वर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "आयला, ह्या घराक मुळां नाय!" म्हणाला आणि बांबू आणायला पळाला.

एक तारीख उजाडली. माणसं रात्रभर जल्लोष करून आलेली, डोळे तांबारलेले, कपाळावर गुलाल, तरी एकही जण झोपायला गेला नाही. पत्रे आधीच उतरवून ठेवले होते. खांबांना आडवे बांबू काथ्याने आवळले. सुमिनीने घराच्या मधोमध पाण्याने भरलेली घागर ठेवली. तिच्या गावची रीत, घर पाण्यासकट गेलं पाहिजे. मग गणूने खूण केली, माणसांनी खांदे लावले आणि घर खरोखर उचललं गेलं... आणि तिथेच आमच्या लोकांची चूक झाली. खांद्यावर बांबू आला की पाय आपोआप जसे पडायचे तसे पडले. सगळे गप्प झाले, माना खाली, संथ चाल, मागचे लोक पुढे येऊन खांदा बदलू लागले. बायांनी पदर डोळ्याला लावले. कुणी ठरवलं नव्हतं, पण भोईवाड्याच्या अंगणात सुमिनीच्या घराची मयत निघाली. सुमिनी गोंधळून बघत होती. तेव्हा माझी आई, जी कधी चारचौघांत आवाज चढवत नसे, ती ओट्यावर उभी राहून गरजली, "आरं मुडद्यांनो, मयत न्हाई ही! घर जितं हाय! माना वर करा!"

माना वर झाल्या. गणूने गोविंदाची आरोळी ठोकली आणि घर डुलत डुलत फाटकापाशी आलं. फाटकात मालक. आणि घर फाटकाहून हातभर रुंद. मालक हसला, त्याच्या मागे मोडायला आणलेली माणसं पहारी घेऊन उभीच होती. सुमिनी पुढे झाली, आणि फार गोड आवाजात तिने विचारलं, "शेट, जागा मोकळी हवी ना तुम्हाला? आजच हवी ना? मग फाटक काढा. नाहीतर आम्ही घर परत ठेवतो जागेवर." मालकाने हातातल्या कागदाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, घराखालच्या पन्नासेक गुलालाने माखलेल्या तोंडांकडे पाहिलं. मग आपल्याच माणसांना म्हणाला, "काढा रे." ज्या पहारी घर मोडायला आल्या होत्या त्यांनी फाटकाची झडप निखळली, एका बाजूचा खांबही उपटला. तेवढं मोकळं होताच घर बाहेर पडलं.

पुढचं काय सांगू! रस्त्यावर आधीच मिरवणुका होत्या, लेझीम, तुताऱ्या, पताका. त्यांत हे घर चाललं. इतकी वर्षं 'झालाच पाहिजे' म्हणून घसे कोरडे केलेली माणसं त्या दिवशी नुसतं 'झाला! झाला!' ओरडत होती, आणि त्यात काय झालं आणि कुणाचं झालं हे वेगळं काढायची सोय उरली नव्हती. नाक्यावर हवालदाराने विचारलं, "कुठल्या मंडळाचा चित्ररथ?" गणू म्हणाला, "भोयवाड्याचो!" हवालदाराने शिट्टी फुंकली आणि आमच्यासाठी ट्राम थांबवली. ट्रामवाला पायाने घंटा वाजवत राहिला, अगदी घर पुरतं पलीकडे जाईपर्यंत. सुमिनी जमिलाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होती, आणि तिच्या शेजारी माझी आई. तिची मान इतकी ताठ मी त्याआधी पाहिली नव्हती. माईंच्या वाडीत दगड मांडून ठेवलेलेच होते. घर त्यांवर उतरलं. आत जाऊन पाहिलं तर घागरीतलं पाणी थोडंसं सांडलं होतं, बाकी होतं. त्या पाण्यात सुमिनीने भात शिजवला आणि खांदा दिलेला प्रत्येक माणूस तिथे जेवून गेला. आईने आपल्या ताटातला पहिला घास दारापाशी ठेवला आणि कुणाला उद्देशून कोण जाणे, म्हणाली, "बघा. न्हाई मोडलं."

त्यानंतर सुमिनी कधी पाहुणी झाली नाही. खाणावळ चालली, जमिला शिकली, नोकरीला लागली. त्या दिवशीचे बांबू सुमिनीने घराच्या वळचणीला आडवे टांगून ठेवले आणि दर वर्षी पावसाआधी त्यांना होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं काळं तेल लावत राहिली. आम्ही तिची थट्टा करायचो, बये, आता कुठे जायचंय? ती तेल चोळत म्हणायची, "जायचं नाही. पण जाता आलं पाहिजे." ती गेली त्या दिवशी मशिदीतून जनाजा यायला उशीर झाला तेव्हा शेजारचा एक तरुण भाबडेपणाने त्या बांबूंकडे हात करून, हेच घेऊ का, असं विचारू लागला. जमिलाने त्याला तिथेच थांबवलं. ते घराचे बांबू आहेत. अम्माला न्यायला दुसरे येतील.

परवा मी आणि जमिला दोघींनी मिळून ते राहिलेलं काम केलं. माझे गुडघे कुरकुरत होते, हात काळे झाले, आणि तो उग्र वास नाकात गेल्यावर मात्र ठरवलेलं विसरले आणि मनसोक्त रडले... तेवढ्यात वाडीत एक गाडी येऊन थांबली. माईंच्या नातवंडांनी वाडी इमारतीसाठी द्यायचं ठरवलं आहे म्हणे. इस्त्रीच्या कपड्यांतला एक मुलगा उतरला, घराकडे बघत अदबीने म्हणाला, "मॅडम, घर तुमचं आहे हे आम्हाला मान्य आहे, पण जागा..." जमिलाने काळे हात पदराला पुसले आणि मान डोलावली. "बरोबर आहे," ती म्हणाली, "जागा तुमचीच." मग त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "ते तुमचं फाटक किती रुंद आहे हो?"