साडेचार किलो आणि बंद गळ्याचा कोट

डिसेंबरमध्ये मी दोन पोळ्यांऐवजी एक पोळी खायला लागलो आणि माझं वजन वाढलं.

या सगळ्याचं मूळ होतं एक बंद गळ्याचा कोट. तो मी स्वतःच्या लग्नात घातला होता. भाची पल्लवीचं लग्न मार्चमध्ये गाझियाबादला ठरलं, तेव्हा बायको, म्हणजे सुनीता, म्हणाली, "सरोजिनी मार्केटला जाऊन नवीन घेऊ. त्या कोटात आता फार तर तुमचे दोन हात मावतील." मला राग आला. (खरं बोललेलं मला पूर्वीपासून सोसत नाही.) मी घरात सर्वांसमोर जाहीर केलं, "मामा लग्नात हाच कोट घालणार! तोही बटणं लावून!"

झालं! दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या धुक्यात रोज सकाळी माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. साखर बंद, भात बंद, तीळगुळाच्या गजक-रेवडीकडे बघणंसुद्धा बंद. बाल्कनीत वजनकाटा आणून ठेवला. वजन नेहमी सारख्याच परिस्थितीत करावं, असं मी कुठंतरी वाचलं होतं, आणि मी पडलो सरकारी माणूस! त्यामुळे वेळ तीच, फरशी तीच, तोंडही रोज पूर्वेलाच. फिरून आलो की तडक काट्यावर. पहिल्याच आठवड्यात अर्धा किलो वाढ! पुढच्या आठवड्यात आणखी थोडी.

घरात चौकशी समिती बसली.

"रात्री उठून फ्रिज उघडता का हो?" सुनीतानं थेट आरोपपत्रच ठेवलं.

"मम्मी, कुछ भी! पप्पांचे मसल्स बनतायत," आमची लेक आर्या मोबाईलमध्ये बघत म्हणाली. "मसल फॅटपेक्षा हेवी असतो. वॉटर रिटेन्शन पण असतं. बिल्कुल नॉर्मल आहे यार."

मसल्स! हे मला तात्काळ पटलं. आरशासमोर जाऊन दंड वळवून पाहिला. स्वेटरच्या आत तो चांगला भरदार दिसत होता.

आईला मात्र वेगळीच काळजी. "एका पोळीवर पोरगं वाळून चाललं! अंगावर मांस नाही तर थंडी वाजणारच ना बाप्पा!" असं म्हणत ती रोज माझ्यावर काहीतरी चढवायची. आधी एक थर्मल, मग त्यावर दुसरं. त्यावर तिनं विणलेला हाफ स्वेटर, त्यावर फुल स्वेटर, सगळ्यांवर बाबांचं जुनं जाड जाकीट आणि डोक्याला माकडटोपी. मी भात सोडला, आईनं लोकरी मोजे वाढवले. मी चहातली साखर सोडली, आईनं शाल गुंडाळली. जानेवारीच्या कडाक्यात तर मला वाकून काट्यावरचा आकडाही दिसेना! तो आर्या वाचून सांगायची, "पप्पा, और बढ़ गया!"

मग फेब्रुवारी सरला, ऊन तापायला लागलं आणि चमत्कार झाला. वजन उतरायला लागलं! होळी येईपर्यंत तब्बल साडेचार किलो कमी! मी ऑफिसात पेढे वाटले. (चार स्वतः खाल्ले. एवढी कमाई झाल्यावर तेवढं चालतं.) शेजारच्या शर्माजींना जिन्यात गाठून ऐकवलं, "वेट लॉस में असली चीज़ है विलपॉवर, शर्माजी!" ते बिचारे तेव्हापासून लिफ्टनं जायला लागले.

"अहो, लग्नाआधी कोट एकदा घालून तर बघा," सुनीता म्हणाली.

"गरज काय? काट्यानं सांगितलंय ना! आकडे खोटं बोलत नाहीत."

लग्नाच्या सकाळी हॉलच्या खोलीत कोट अंगावर चढवला. आर्यानं मागून रेटलं, सुनीतानं पुढून ओढलं, मी श्वास आत घेतला आणि बटणं लागली एकदाची! विजयी मुद्रेनं मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. फक्त घेतलेला श्वास सोडायची सोय राहिली नव्हती.

भन्तेजींनी वंदना सुरू केली. सगळा हॉल शांत झाला. वंदन करायला सगळे वाकले, मामाही वाकला. टप्प! मधलं बटण सुटलं आणि टणटण उड्या मारत थेट भन्तेजींच्या आसनापाशी जाऊन थांबलं. पाठोपाठ दुसरं! भन्तेजींनी बटणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अपार करुणेनं डोळे मिटून घेतले. पल्लवीचे खांदे गदगदा हलत होते. लोकांना वाटलं, नवरी रडतेय.

"पण साडेचार किलो कमी झालं होतं!" मी कुजबुजलो.

"होणारच ना," आई म्हणाली. (आईला कुजबुजता येत नाही.) "तुझं जाकीट, स्वेटरं, थर्मल, सगळं मी होळीआधीच बेडच्या बॉक्समध्ये भरून टाकलं. उचलताना कंबर धरली माझी!"

हॉलमध्ये हशा पिकला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. (पण तिलाही कोटासारखीच अडचण आली असती.) शेवटी पोटावरची फट झाकायला आईनं स्वतःची शाल माझ्या खांद्यांवर टाकली. मार्चच्या उकाड्यात, डोक्यावर पंखा गरगरत असताना, प्रत्येक फोटोत मामा शालीत!

जेवताना नवऱ्या मुलाच्या काकांनी आदरानं विचारलं, "साहेबांचा सत्कार झाला वाटतं?"

"हो," सुनीता गंभीरपणे म्हणाली, "वजन कमी केल्याबद्दल."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शाल तर दिसतच होती. श्रीफळ कुठंय, हे त्यांना विचारावं लागलं नाही. ते शालीखाली चांगलं गोल दिसत होतं!