कुलपातला टाइपरायटर

साऱ्या जबलपुरात माझ्या फुफाजींइतका संशयी माणूस झाला नाही, आणि तो संशय त्यांनी ज्या निष्ठेनं सांभाळला त्या निष्ठेनं लोक संसारही सांभाळत नाहीत. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घरात आम्ही मराठी बोलत असू, पण गल्लीच्या हिंदीत वाढलेली आम्ही पोरं त्यांना फुफाजीच म्हणत आलो. रिछाईतल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. दिलेला नटबोल्ट मोजायचा, परत आलेला पुन्हा मोजायचा आणि मधल्या वेळात घेणाऱ्याच्या खिशाकडे बघत बसायचं, अशी ती नोकरी. ती त्यांना लागली असं म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या जन्माचीच वाट बघत होती म्हणावं. दूधवाल्याला ते आधी त्याच्याच दुधाचा घोट प्यायला लावत. पाहुणा आला की त्याच्याआधी त्याच्या चपला निरखून ठेवत, म्हणजे जाताना तो चांगल्या चपला घालून जाऊ नये. मी एकदा कौतुकानं त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद देण्याआधी विचारते झाले, "अच्छा, काय पाहिजे?"

पण ही सगळी रंगीत तालीम. खरा संशय राखून ठेवलेला होता तो टाइपरायटरसाठी. काळ्या पेटीत बसणारा, हातात धरून नेता येणारा तो इंग्रजी टाइपरायटर फुफाजींच्या आजोबांनी देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतला होता. आजोबांकडून तो आला बाबूजींकडे, म्हणजे फुफाजींच्या वडिलांकडे. राज्यं वेगळी झाली तेव्हा नागपूरकडचे बरेच कारकून तिकडे परतले, बाबूजी मात्र इथंच राहिले आणि उभ्या मोहल्ल्याचे अर्ज त्यांनी या यंत्रावर बडवले. यंत्र पुढच्या पिढीला द्यायची त्या घराची एक रीत होती. बटणांवर गमछा टाकायचा, वारसानं गमछ्याखाली हात घालायचे आणि न बघता, सांगितलेला अर्ज बिनचूक उतरवायचा. आजोबांनी बाबूजींची अशी परीक्षा घेतली होती. बाबूजी फुफाजींची घेणार, तर त्यांचे डोळे गेले, आणि मग तेही गेले. फुफाजींनी थोरलेपणाच्या जोरावर परीक्षेशिवायच पेटी ताब्यात घेतली, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. ज्याला आपला हक्क मनातून पटलेला नसतो, तो कुलूप जरा जास्तच ओढून बघतो.

एकदा पेटीचं हँडल तुटलं म्हणून ती ओमतीतल्या मेकॅनिककडे न्यावी लागली. आदल्या दिवशी फुफाजींनी आत्याची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि यंत्राच्या प्रत्येक दांडीला खालून लाल ठिपका दिला, म्हणजे सुटा भाग बदलला तर पकडता येईल. वास्तविक यंत्राला हातही लागायचा नव्हता. तो बिचारा हँडल ठोकत होता आणि हे त्याच्या मानेवर श्वास टाकत उभे. शेवटी त्यानं यांनाच हातोडी दिली.

स्वतः फुफाजी त्यावर एक अक्षर टाइप करत नसत. वापरलं की झिजतं, हे त्यांचं स्टोअरमधलं तत्त्वज्ञान. दिवाळीत नातेवाईक जमले की मात्र पेटी उघडायची, एकेक बटण दाबून दाखवायचं आणि विजयी मुद्रेनं सांगायचं, "पाहून घ्या, एक बटण अडकत नाही. काहून? कोणाला हात लावू देत नाही म्हणून." आम्ही माना डोलवत असू. आत्या चहा आणायला आत गेलेली असे.

फुफाजींचा मुख्य संशयित होता त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो रांझीला राहायचा, तिथल्या फॅक्टरीत पाळीवर जायचा, आणि त्यामुळे भरदुपारी मोकळा असायचा. माणूस दुपारी मोकळा असणं हाच फुफाजींच्या लेखी अर्धा गुन्हा. त्यांनी पेटीवर टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच संध्याकाळी तो थर फिसकटलेला दिसला. त्याच दुपारी भाऊ पेरू द्यायला येऊन गेला होता. झालं. फुफाजींनी त्याला निरोप पाठवून बोलावलं, आणि मी कॉलेजात शिकतो म्हणून मला साक्षीदार बसवलं.

"किल्ली कुठून बनवली?" हा पहिलाच प्रश्न. भावाला आधी कळेना, कळलं तेव्हा तो पांढरा पडला. तसा तो गमत्या माणूस, पण त्या दिवशी शांतपणे उठला आणि चपला शोधू लागला.

"दादा, बाबूजींच्या मागे तुम्हालेच बाप मानलं," तो म्हणाला. "आता या घरचं पाणी नाही पिणार मी."

तो उंबऱ्याशी पोचला तेव्हा मला खरंच भीती वाटली. त्या घरातली माणसं शब्द दिला की पाळत, अगदी असला शब्दसुद्धा. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"थांबा भाऊजी. पेटी मी उघडते. रोज दुपारी उघडते, केसातल्या आकड्यानं, आणि टाइप करते."

दुसरा कोणी असता तर इथं ओशाळला असता. फुफाजींना वाटलं, ही दिराला वाचवून राहिली. त्यांनी करगोट्याची किल्ली काढली, पेटी उघडली, जुन्या फितीसमोर कागद चढवला आणि बटणांवर गमछा टाकला. मला म्हणाले, तू अर्ज सांग. मी सांगू लागलो, 'सर, आय बेग टू स्टेट' वगैरे. आत्यानं गमछ्याखाली हात घातले आणि खिडकीबाहेर बघत टाइप करू लागली. मी दमलो, ती दमली नाही. कागदावरची अक्षरं फिकी होती, पण चूक एक नव्हती.

फुफाजींनी कागद उजेडाला धरून दोनदा वाचला.

"कोणी शिकवलं?"

"मामाजींनी," आत्या म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "डोळे गेल्यावर. म्हणायचे, मशीन बंद ठेवली तर जाम होते, रोज चालवत जा. घरचं तेल मीच देते तिले."

"मले काहून नाही शिकवलं त्यांनी?"

इतक्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आत्यानं गमछ्याची घडी घातली.

"तुम्हालेच आधी बोलावलं होतं. तुम्ही म्हणाले, झिजेल."

भावानं चपला काढल्या आणि परत येऊन बसला. फुफाजींनी किल्ली आत्यासमोर ठेवली. तिनं ती घेतली नाही, तशीही तिला ती लागत नव्हती. पुढं निवृत्त झाल्यावर फुफाजी दुपारी खाटेवर पडून तिचं टाइप करणं ऐकत. दूधवाला मात्र तेव्हाही स्वतःचं दूध चाखत राहिला.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. फुफाजी एकटे राहतात, फार थकलेत. पेटी दिवसभर उघडी असते, आणि घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गॅसचं सिलिंडर आणणारा का असेना, ते आधी टाइपरायटरसमोर बसवतात. गेल्या खेपेला मलाही बसवलं. मी दोन बोटांनी, शोधत शोधत बडवत होतो, आणि ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. झोप लागली असं वाटून मी थांबलो.

"तिचा हात असा नव्हता गा," ते डोळे न उघडता म्हणाले. "पण चालू दे."